जिन्यावरची बुजवलेली खिडकी

१

गुरुवारी न्याहारी झाल्यावर कर्नलसाहेबांनी ग्रंथालयातल्या कपाटातून चामड्याची पेटी काढली, झाकण उघडलं आणि ते तसेच उभे राहिले. पेटीत काहीच नव्हतं. साहेबांच्या घराण्यातल्या लेडी ऑनरची जुनी रोजनिशी गेली होती. कलमूर कोर्ट या आमच्या वाड्याचं छप्पर टिकणार की पाडलं जाणार, हे त्या रोजनिशीवर ठरायचं होतं.

"मिसेस हेम्ब्रो, तुमच्या किल्ल्या द्या इकडे," साहेब म्हणाले.

एकतीस वर्षांत त्यांनी माझ्याकडे किल्ल्या मागितल्या नव्हत्या. मी कमरेचा जुडगा सोडून टेबलावर ठेवला.

मी या घराची कारभारीण. लग्न काही माझं झालेलं नाही, पण कारभारणीला मानानं मिसेस म्हणायची आमच्याकडे रीत आहे. त्या कपाटाला दोन किल्ल्या होत्या, एक साहेबांच्या घड्याळाच्या साखळीला आणि दुसरी माझ्या जुडग्यात. कुलूप शाबूत होतं. शिवाय रविवारी नदीचा बांध फुटल्यापासून आमचं टेकाड म्हणजे बेट झालं होतं. बाहेरून कुणी आलं नव्हतं की आतून कुणी गेलं नव्हतं. मग चोर कोण, हे सांगायला फार अक्कल लागत नव्हती.

"साहेब, मी त्या वहीला हातसुद्धा लावलेला नाही," मी म्हणाले.

"उद्या होडीतून कॉन्स्टेबल येईल, त्याला सांगा. तोवर तुम्ही तुमच्या खोलीतच थांबायचं."

पाव घेऊन आलेला होडीवाला, पूर आल्यापासूनचा पहिलाच माणूस, मागच्या पायऱ्यांशी उभा होता. साहेबांनी त्याच्याबरोबर दोन चिठ्ठ्या दिल्या. एक कॉन्स्टेबलला, आणि दुसरी रोजनिशी तपासायला येणाऱ्या लंडनच्या तज्ज्ञाला, की आता येऊ नका, बघायला काही उरलेलं नाही. होडीवाला वल्ही मारत निघून गेला आणि मी माझ्या खोलीच्या खिडकीतून बघत राहिले. त्या होडीबरोबर माझी अब्रूच चालली होती.

माझी खोली म्हणते खरी, पण ती माझी नव्हे. आमच्याकडे नोकरी गेली की छप्पर गेलं. माळ्याचं घर माळीपणाला बांधलेलं, तशी माझी खोली किल्ल्यांना बांधलेली. वय अठ्ठावन्न, माहेर म्हणावं असं कुणी नाही. चोर म्हणून हाकललेल्या बाईला दुसऱ्या कुठल्या घरात घेतील? तुरुंगात घेतील, बस्स.

२

दुपारी दारावर टकटक झाली आणि गवंडी आत आला. जेबेझ व्हाउल्स त्याचं नाव, सत्तरीचा, चुन्यानं हात पांढरे झालेले. ग्रंथालयाची चिमणी धूर मागे टाकत होती म्हणून शनिवारी आला आणि पुरात आमच्याबरोबर अडकला. रोज माझ्याच टेबलावर जेवायचा.

"बाई, चीज आहे का थोडं?" त्यानं खुर्ची ओढली. "वरचे लोक एकमेकांकडे असे बघतायत, की घशाखाली घास उतरेना."

"चोराच्या हातचं चालेल?"

"मला चालेल. त्यांच्या यादीत दुसरं नाव माझंच आहे. बाहेरचा माणूस, शिडीवाला. तुम्ही सुटलात तर उद्या मला धरतील. म्हणून म्हटलं, आपणच जरा विचारपूस करावी."

म्हातारा वरती सगळ्यांशी बोलून आला होता. आधी मिस हेस्टरशी. त्या साहेबांच्या धाकट्या बहीण, त्यांना हे घर नकोच होतं. पाडणाऱ्या ठेकेदाराला विकून टाकायचं आणि बाथ शहरात दोन खोल्या घ्यायच्या, हे त्यांचं दहा वर्षांचं टुमणं.

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, ती वही मी चोरली असती तर निदान चांगल्या कामासाठी चोरली असती. जीभ काय पण धारदार आहे!" व्हाउल्स हसला. "पण काल, बुधवारी, त्या दिवसभर तुमच्याबरोबर होत्या म्हणे?"

ते खरं होतं. तळघरात पाणी शिरायला लागलं होतं. मी आणि मिस हेस्टर सकाळपासून तिन्हीसांजेपर्यंत बटाटे, मुरांबे आणि सायडरची पिंपं वर आणत होतो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या मला 'दमलीस का गं?' म्हणाल्या होत्या.

"आणि साहेब?"

"तबेल्यात, घोड्यांपाशी. ग्रंथालयात एकटा तो चष्मेवाला."

चष्मेवाला म्हणजे मिस्टर स्ट्रेक. सहा आठवड्यांपूर्वी जुने कागदपत्र लावायला आला आणि तिसऱ्याच आठवड्यात माळ्यावरच्या ट्रंकेतून त्यानं लेडी ऑनरची रोजनिशी काढली. साल सोळाशे शहाण्णव. एका अमेरिकन श्रीमंतानं ती विकत घ्यायची कबूल केली. त्या पैशांत सगळ्या घराचं छप्पर झालं असतं. साहेब त्या दिवशी जिन्यावरून शीळ घालत उतरले होते.

"पेटी रोज कुलपात कोण ठेवायचं?" व्हाउल्सनं विचारलं.

"मी. सकाळी नऊला काढून द्यायची, संध्याकाळी मिस्टर स्ट्रेक माझ्या हातात द्यायचे आणि मी ठेवायची."

"काल संध्याकाळी ठेवताना आत बघितलंत?"

"दुसऱ्याच्या पेटीत डोकावायची सवय मला नाही," मी ताडकन बोलले.

बोलले आणि जीभ चावली. सगळा जन्म मी या सवयीचा तोरा मिरवला होता, आणि त्याच सवयीनं माझा गळा पकडला होता. स्ट्रेकनं सांगितलं होतं की पेटी दिली तेव्हा वही आत होती. मी नाही कुठल्या तोंडानं म्हणणार?

व्हाउल्सनं चीजचा तुकडा कापला. "काल सकाळी अकराच्या सुमारास मी छपरावर होतो, त्याच चिमणीत डोकं घालून. त्या शेगडीत विस्तव घालायचा नाही, असं मी सगळ्यांना बजावलं होतं. आणि बाई, खालून भसकन धूर आला. डोळे चुरचुरले माझे. धुराला वास होता, केस जळल्यासारखा. नुसत्या कागदाला तसा वास येत नाही, कातड्याला येतो."

रोजनिशीची बांधणी कातड्याची होती.

३

"जा, सांगा साहेबांना!" मी उठूनच उभी राहिले.

"सांगितलं की. स्ट्रेक म्हणतो, थंडी वाजत होती म्हणून रद्दी जाळली, एका फाटक्या हिशेबवहीच्या पुठ्ठ्यासकट. आणि साहेबांनी मलाच विचारलं, व्हाउल्स, जो माणूस त्या वहीमुळे नावारूपाला यायचा, तो ती स्वतःच्या हातानं कशाला जाळील?"

मी परत खाली बसले. बाहेर कुंपणाच्या फक्त वरच्या फळ्या दिसत होत्या, बाकी सगळं पाणी.

"कधी फिरलं त्याचं डोकं?" व्हाउल्स स्वतःशीच बोलत होता. "मंगळवारपर्यंत काही नाही, बुधवारी धूर."

"मंगळवारी टेलिफोन आला होता," मला आठवलं. "तारा पडायच्या आधीचा शेवटचा. लंडनचा तज्ज्ञ होडी करून येतो म्हणाला, शाई तपासायला. साहेबांनी जेवताना सगळ्यांना सांगितलं. मीच वाढत होते."

"स्ट्रेक काय म्हणाला?"

"त्यांनी दुसऱ्यांदा मटण घेतलं नाही. मग मिस हेस्टर म्हणाल्या, वाचा तरी काय आहे त्यात एवढं. मग त्यांनी वाचलं. अहो, काय सुंदर वाचलं! मी तिथंच रस्शाचं भांडं घेऊन उभी राहिले."

"काय वाचलं?"

"खिडकीवरच्या कराची हकीगत. राजानं खिडक्यांवर कर बसवला म्हणून तिच्या बापानं जिन्यावरची पश्चिमेची खिडकी बुजवली, ती गोष्ट. पोर रोज त्या खिडकीत बसून वेताचे भारे नेणाऱ्या होड्या बघायची. गवंडी विटा लावत होते आणि ती रडत होती. मग अंधारात तिचा पिंजऱ्यातला लिनेट पक्षी मेला."

व्हाउल्सनं चाकू खाली ठेवला.

"कुठली खिडकी म्हणालात?"

"जिन्याच्या वळणावरची. बाहेरून विटांनी बुजलेली दिसते ना, तीच. दर रविवारी मी पाहुण्यांना दाखवते."

म्हातारा माझ्याकडे इतका वेळ बघत राहिला, की मला वाटलं याला झटका आला.

"बाई," तो म्हणाला, "तिथं खिडकी कधी नव्हतीच."

४

मला आधी हसू आलं. सगळ्या परगण्यात कुठल्याही जुन्या घरात जा, बुजलेली खिडकी दिसली की घरचा माणूस छातीवर हात ठेवून सांगणार, कर चुकवायला बुजवली. आईच्या दुधाबरोबर आलेलं ज्ञान ते! मीही तेच सांगत आले होते.

"बुजवलेली खिडकी मी दुरून ओळखतो," व्हाउल्स म्हणाला. "मागाहून विटा भरल्या तर दोन्ही कडांना उभी सरळ फट राहते. नव्या विटा जुन्यांत गुंतत नाहीत. इथं प्रत्येक ओळ कडेच्या भिंतीत गुंतलेली आहे. ज्या हातांनी भिंत बांधली त्याच हातांनी ती खिडकी बंदच बांधली. डाव्या अंगाला चार खिडक्या, म्हणून उजव्या अंगाला चार दिसायला हव्या होत्या. पण चौथीच्या जागी ग्रंथालयाचं धुराडं वर जातं. मग बाहेरून नुसता देखावा करून टाकला. तुमची लेडी ऑनर तिथं बसली असती, तर धुरात बसली असती!"

आता माझं हसू थांबलं. दुसरीच एक गोष्ट मला उमगली.

"तो लिनेट," मी म्हणाले.

"त्याचं काय?"

सांगू की नको? मान खाली घालून मी बोलले. "तो लिनेट माझा होता, मिस्टर व्हाउल्स. मी सात वर्षांची असताना. आमच्या झोपडीला एकच खिडकी होती, वेताच्या होड्या दिसायच्या. वडिलांनी गारठा येतो म्हणून ती फळ्यांनी बंद केली आणि पाखरू मेलं. इथं आल्यावर दोन-चार वर्षांनी एका रविवारी पाहुणे जांभया देत होते, तेव्हा मी ते सगळं त्या बुजलेल्या खिडकीला चिकटवून दिलं. एक बाई रडली. मग दर रविवारी सांगायला लागले."

"आणि स्ट्रेक?"

"आला त्याच रविवारी सगळ्यांबरोबर फिरला. वहीत टिपून घेत होता." मंगळवारी तो उतारा ऐकून माझ्या अंगावर काटा आला होता. मला वाटलं, मी थापा मारत होते ते सगळं खरंच निघालं! मूर्ख बाई. त्या आनंदात झोप लागली नव्हती मला.

म्हणजे रोजनिशी बनावट होती. जुन्या वह्यांची कोरी पानं काढून स्ट्रेकनंच ती लिहिली होती. शाई तपासायला माणूस येतोय म्हटल्यावर त्यानं ती जाळली आणि रिकामी पेटी माझ्या हातात दिली. चोर म्हणून कारभारीण आयती होतीच.

"चला, उठा," व्हाउल्स म्हणाला. "आत्ताच्या आत्ता सगळ्यांना जिन्यावर बोलावतो."

मी उठले नाही.

"अहो, सुटलात तुम्ही!"

"मी सुटले, आणि घर?" मी म्हणाले. "वहीचा विमा आहे. चोरी ठरली तर पैसे येतील, छप्पर होईल. वही खोटी ठरली तर दमडी मिळणार नाही आणि उन्हाळ्याच्या आत हे घर पाडतील. मी तुरुंगात गेले तर घर उभं राहतं, आणि मी सुटले तर घर जातं. मग मी राहू कुठं, सांगा ना!"

व्हाउल्स चुना लागलेली नखं खरवडत बसला.

"घर विटांचं असतं बाई," शेवटी तो म्हणाला. "मी पन्नास बांधली आणि तीस पाडली. विटेसाठी तुरुंगात गेलेलं माणूस मात्र मी अजून बघितलेलं नाही."

मी पदराआड लपणारी बाई नव्हे. एप्रन झटकला आणि जिन्याकडे निघाले.

५

चौघे जिन्याच्या वळणावर उभे होतो: साहेब, मिस हेस्टर, स्ट्रेक आणि मी. व्हाउल्स छपरावर गेला होता. जाताना साहेबांना भिंतीच्या गिलाव्यावर तळहात टेकवायला सांगून गेला.

"हा काय खुळेपणा?" साहेब पुटपुटले, पण हात टेकवला.

थोड्या वेळानं भिंतीच्या आत, अगदी साहेबांच्या हाताशी, ठक्क झालं. मग खरवडत काहीतरी खाली गेलं आणि परत वर आलं. व्हाउल्स दोरीला शिशाचा गोळा बांधून धुराड्यात सोडत होता. तीनदा सोडला. तिन्ही वेळा आवाज बरोबर त्या खिडकीच्या जागी झाला.

"धुराडं आहे इथं," मिस हेस्टर म्हणाल्या. "मग ती पोर बसली कुठं?"

मी सांगितलं. भिंतीत गुंतलेल्या विटांपासून माझ्या मेलेल्या पाखरापर्यंत सगळं. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं पाहुण्यांना थाप मारत आले हेही सांगितलं, आणि कान तापले माझे. व्हाउल्स काजळीनं माखून खाली आला आणि धुराची वेळ पुन्हा सांगून गेला.

"मिस्टर स्ट्रेक," साहेब म्हणाले, "लेडी ऑनरला मिसेस हेम्ब्रोचा लिनेट कसा मिळाला?"

स्ट्रेकनं चष्मा काढला, पुसला, परत लावला. मला वाटलं आता पायांवर लोळण घेईल. पण तो माणूस बेरकी होता. आवाज खाली आणून म्हणाला, "कर्नल, लंडनचा तज्ज्ञ येणार नाही. वही आता तपासायला उरलीच नाही, ती खोटी होती हे कुणी सिद्ध करू शकत नाही. हे जिन्यावरच राहिलं तर चोरी ती चोरी. विमा मिळेल, छप्पर होईल. मी इथून निघून जाईन. एवढंच की, कुणीतरी ती चोरलेली असायला हवी."

त्याचे डोळे माझ्याकडे वळले नाहीत. तेवढं धाडस त्याच्यात नव्हतं.

"शी!" मिस हेस्टर भावाला म्हणाल्या. "ऑब्री, याला खोलीत कोंड."

मी साहेबांकडे बघत होते. त्यांची हाडं माहीत होती मला. फ्रान्सहून जखमी होऊन आले तेव्हा याच हातांनी दलिया भरवला होता. त्यांच्या बायकोला शेवटचे कपडे मी घातले होते. मला वाटलं, आता हा माणूस गरजेल.

साहेबांनी भिंतीवरचा हात काढला, तळहाताला लागलेला गिलावा बघितला आणि म्हणाले, "मला विचार करू दे."

आणि जिना उतरून गेले.

संध्याकाळी ते जेवायला आले नाहीत. माझ्या खोलीत कुणी आलं नाही. मी अंथरुणावर पडून दोन्ही बाजूंनी वाद घालत होते. करतील, साहेब आहेत ते. नाही करणार, सहा पिढ्यांचं घर आहे त्यांचं. पहाटेपर्यंत मला कळून चुकलं, की पुराच्या पाण्यानं मला कोंडलेलं नाही. मी कित्येक वर्षं अशा जागी राहत होते, जिथं माझं खरंखोटं दुसऱ्या कुणाच्या तरी मर्जीवर होतं, आणि त्यालाच मी घर म्हणत होते.

शुक्रवारी दहाला होडी लागली. कॉन्स्टेबल टकर, गुडघ्याएवढे बूट घातलेला, पायऱ्या चढून दिवाणखान्यात आला. आम्ही सगळे उभे होतो. साहेबांनी दाढी केलेली नव्हती.

"चोरीबद्दल आलोय, सर."

"चोरी झालेली नाही," साहेब म्हणाले. "बनवाबनवी झाली आहे, आणि ती या गृहस्थानं केली आहे. मिसेस हेम्ब्रोचा यात काही दोष नाही. तसं माझ्या सहीनिशी लिहून ठेवलंय. आणि हेस्टर, त्या ठेकेदाराला पत्र टाक."

मिस हेस्टर, ज्यांना दहा वर्षं हेच हवं होतं, त्या रडायला लागल्या. व्हाउल्सनं टोपी काढली. मला हुंदका आला, खोटं कशाला बोलू? माझी अब्रू परत आली होती, चार माणसांसमोर, सहीनिशी.

साहेब माझ्याजवळ आले. "मिसेस हेम्ब्रो, घर जाईल, पण उन्हाळ्यापर्यंत तुमची खोली तुमचीच. त्यानंतर बाथला हेस्टरकडे—"

"टकर," मी म्हणाले, "होडीत आणखी एकाची जागा आहे?"

"आहे की बाई. पण कुणाला?"

"मला."

साहेबांचा चेहरा पडला. "अहो, पण तुमच्यावर आता काहीच आळ नाही! मी खरं तेच सांगितलं ना?"

"सांगितलंत, साहेब. माझ्यासाठी घर गमावलंत, मी ते जन्मभर विसरणार नाही." मी एप्रन सोडला. "पण रात्रभर विचार केलात."

मी वर गेले, एका पेटीत मावलं तेवढं भरलं आणि कोट घालून खाली आले. स्ट्रेक आधीच होडीत, मधल्या फळीवर बसला होता. मी त्याच्याकडे पाठ करून पुढच्या फळीवर बसले. व्हाउल्सनं पेटी हातात दिली आणि होडी ढकलली.

"कुठं सोडू तुम्हाला?" टकरनं वल्ही उचलत विचारलं.

मला ठाऊक नव्हतं, आणि तसं मी त्याला सांगितलं.